बरोबर आलेलं उत्तर

आमच्या मॅडम डबा डार्करूममध्ये खायच्या.

अंधेरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे कळलं. प्रयोगशाळेच्या टोकाला प्रकाशाचे प्रयोग करायची एक अंधारी खोली होती आणि मधल्या सुट्टीत तिथून सुकटीचा वास यायचा. स्टाफरूममधल्या शाकाहारी मंडळींनी एकदा नाक मुरडलं होतं म्हणे. त्यावर मॅडम डबा उचलून निघाल्या, त्या पुन्हा कधी तिथे जेवल्या नाहीत. "सुकटीचा वास प्रकाशाला लागत नाही," एवढंच म्हणाल्या. पुढे नाक मुरडणारे एकेक करून रिटायर झाले, त्यातला एक तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मासे खायला लागला, पण मॅडम डार्करूममध्येच. मग मीच माझा डबा घेऊन तिकडे जायला लागले. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली त्यांची सुकट, माझी भेंडी, लिंबाचं लोणचं, सगळं एकाच रंगाचं दिसायचं. काय खातोय ते तोंडात गेल्यावर कळायचं.

मॅडम बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावरून फाटकापर्यंत पोचणारा. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. कुणी "साधारण" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "सुरुवातीला" म्हटलं की विचारायच्या, "कशाच्या सुरुवातीला?" त्यांना माहीत असलेली सुरुवात एकच होती, विश्वाची. बाकी सगळं त्यांच्या लेखी नंतरचं.

त्यांचा अबोला कॉलेजात प्रसिद्ध होता. विज्ञान सप्ताहात मुलांनी महास्फोटाचं पोस्टर केलं होतं, आगीचे लोळ वगैरे. मॅडमनी प्राचार्यांना ते काढायला सांगितलं. "स्फोट व्हायला आजूबाजूला जागा लागते सर. तेव्हा आजूबाजूला काही नव्हतंच." प्राचार्य म्हणाले, "अहो राहू द्या, पोरांनी मेहनत केलीय. कोण एवढं बघतंय?"

"कोण बघतंय" हे मॅडमना लागलं. पुढचं अख्खं सत्र त्या प्राचार्यांशी बोलल्या नाहीत. एकाच खोलीत समोरासमोर बसून शिपायाला सांगायच्या, "सरांना विचार, प्रात्यक्षिकाची तारीख काय धरू?" आणि प्राचार्यही शेवटी शिपायालाच सांगायचे, "मॅडमना सांग, पंधरा." शिपाई मधे उभा राहून नुसता इकडून तिकडे मान वळवायचा. दोघांचंही त्याला आधीच ऐकू आलेलं असायचं.

माझ्याशीही एकदा अबोला धरला. मी वर्गात "सूर्य जळतो" म्हणाले (तिथे जळत काहीच नाही, अणुकेंद्रं जुळतात) आणि त्या नेमक्या बाहेरून चालल्या होत्या. जवळजवळ आठवडाभर डार्करूमला आतून कडी. मग एक दिवस कडी काढून म्हणाल्या, "ये. काय आणलंयस?" स्टाफरूममध्ये सगळ्यांनी मला विचारलं, तू माफी मागितलीस का? मी मागितली नव्हती. मॅडमनी स्वतःहून सोडलेला तो पहिलाच अबोला असं सगळ्यांचं मत पडलं.

पेपर तपासण्याचीही एक तऱ्हा होती. एका मुलाला त्यांनी पाच मार्कांच्या गणितात शून्य दिलं. त्याचे वडील तावातावानं आले. घाटकोपरला त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, ते बंद ठेवून आले होते. मी शेजारीच बसले होते.

"मॅडम, उत्तर बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे."

"मग?"

"उत्तर बरोबर आहे हो. मुलगा चुकलाय. दोन ठिकाणी चुकलाय. दुसऱ्या चुकीनं पहिली खाल्ली."

"अहो पण उत्तर आलं ना! यार, हद्द झाली."

"तुम्ही चार इंचाचा पाइप समजून सहा इंचाचा दिलात आणि गिऱ्हाइकाला सहाचाच लागत होता, तर तुम्ही हुशार का?"

त्या गृहस्थांनी उत्तरपत्रिका एकदा उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "नाही. पण पैसे घेतो." मॅडम एवढ्या हसल्या की ठसका लागला. मार्क मात्र शून्यच राहिले.

त्या चारकोपला राहायच्या. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुटुंब लालबागहून तिकडे गेलं. भाऊ लग्न झाल्यावर दोन सेक्टर पलीकडे राहायला गेला. त्याच्याशी अबोला. सासरच्या माणसांसमोर तो बहिणीला "शिकून फुकट गेलेली" म्हणाला होता. थट्टेत म्हणाला असेल, पण मॅडमना थट्टा आणि अपमान यांतला फरक कळायचा नाही, किंवा कळून घ्यायचा नसे.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला सेक्टरभर फिरवलं. "आम्ही आलो तेव्हा इथे सगळीकडे सारखा चिखल. मग त्या कोपऱ्यावर एकानं वडापावची गाडी लावली. तिथेच का लावली? कारण तिथे चार माणसं जरा जास्त थांबायची. गाडी लागली म्हणून रिक्षा थांबायला लागल्या. रिक्षा म्हणून दवाखाना, दवाखान्यामुळे केमिस्ट. आता तिथे पाय ठेवायला जागा नाही आणि पलीकडची गल्ली बघ, ओस." मग चालता चालताच वर बोट करून म्हणाल्या, "तिकडेही हेच झालं. सुरुवातीला द्रव्य सगळीकडे जवळजवळ सारखं. कुठे तरी चिमूटभर जास्त. जिथे जास्त, तिथे ओढ जास्त. आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिका ओढल्या गेल्या, त्यांचे समूह झाले. आणि त्यांच्या मधल्या जागेत वायू कोसळला आणि तापला. कोट्यवधी अंश."

"एवढा?"

"एवढा. प्रश्न तो नाही. प्रश्न असा आहे की कधी तापला. हळूहळू, फार नंतर? की अगदी लवकर, समूह जमत असतानाच?"

"मग कधी?"

त्या उत्तर न देता घराकडे वळल्या.

उत्तर का दिलं नाही ते त्यांच्या आईनं सांगितलं. म्हातारी तेव्हा होती, मालवणीच बोलायची. मॅडम आत भाकऱ्या थापत होत्या. म्हातारी आत लेकीकडे बोट करून माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मोठ्या संस्थेत होता गो माझा चेडू. डॉक्टर होतला होता. सरांशी भांडला. सरान दोन-तीनदा माणूस धाडल्यान, ये म्हणून. गेला नाय. इतको हट्ट बरो नाय गो बाय."

"आये!" आतून आवाज आला. म्हातारी सरकून बसली. पण मग जेवताना मॅडमनी स्वतःच सांगितलं, भाकरीकडे बघत. त्यांच्या प्रबंधात एक प्रकरण होतं. दीर्घिकांच्या समूहांतला वायू समजतात त्याहून कितीतरी आधी तापलेला असणार, असं त्यांच्या गणितातून निघालं होतं. त्यांनी ते संस्थेत सगळ्यांसमोर मांडलं. त्यांच्या मार्गदर्शक सरांनी भर सभेत एक वाक्य टाकलं आणि सगळे हसले. नंतर सर म्हणाले, एवढं एक प्रकरण सुधारून आण. मॅडम म्हणाल्या, सुधारणार नाही. "मग मी सही करणार नाही." "नका करू."

"आणि?"

"आणि काय? अंधेरीला जागा निघाली होती, अर्ज केला."

सर काय म्हणाले होते ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, त्यांचा चेहराच तसा होता. एवढं मात्र म्हणाल्या, "तिथे सगळे चांगल्या घरातले होते. माझे वडील गिरणीत, हे कुणाला सांगावं लागायचं नाही. माझं इंग्रजी ऐकून कळायचं."

वर्षं गेली. म्हातारी गेली. मॅडम रिटायर झाल्या, त्यांच्या निरोप समारंभाला त्या आल्याच नाहीत, आम्ही शाल घरी नेऊन दिली. डार्करूममध्ये मी एकटी जेवायला लागले, मग सोडून दिलं.

आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत मोबाइलवर ती बातमी दिसली. विश्व अगदी कोवळं असतानाचा एक दीर्घिकांचा समूह शास्त्रज्ञांनी पाहिला होता. विश्वाच्या आरंभीचा जुना उजेड अजून सगळीकडे भरून आहे, त्या उजेडावर समूहातल्या वायूची सावली पडते, तीवरून त्यांनी वायूची उष्णता मोजली होती. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला होता तो. मी तशीच जिन्यात जाऊन फोन लावला.

"मॅडम, सापडला!"

"कोण?"

"वायू! तापलेला! एवढ्या लवकरच्या समूहात! सगळ्यांच्या गणितापेक्षा जास्त तापलेला निघाला."

पलीकडून प्रश्न आला, "कुणाच्या गणितापेक्षा?"

"सगळ्यांच्या. तुमचं सोडून."

फोन बंद झाला. मला वाटलं रडत असतील. शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर त्या फाटकाशी हजर. साडी, कॅनव्हासचे बूट, हातात खडूंचा स्टीलचा डबा. "एखादा वर्ग मिळेल का गं? मोठा फळा असलेला." त्यांचा प्रबंध केव्हाच वाळवीनं खाल्ला होता. त्यांना ते सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा मांडायचं होतं आणि कुणीतरी समोर बसायला हवं होतं.

मी पहिल्या बाकावर बसले. मॅडमना इतक्या खुशीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं. लिहीत होत्या, बोलत होत्या, मधेच वळून मला प्रश्न विचारत होत्या, चुकले की "बस खाली" म्हणत होत्या. मी बसलेलीच होते. फळा डावीकडून भरत भरत उजवीकडे आला आणि शेवटी तापमान आलं. बातमीतल्या वायूच्या जवळपासचं. मी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी खडू खाली ठेवला नाही. मागे सरून फळा बघत राहिल्या.

"इथे वर मी काय धरलंय गं?"

मी वाचलं. "वायूतली उष्णता बाहेर जात नाही."

"का धरलंय?"

"सगळेच धरतात ना मॅडम? पुस्तकातही आहे."

"पुस्तकातले समूह नंतरचे. त्यांच्यात वायू विरळ. तो निवायला विश्वाचं वय पुरत नाही, म्हणून तिथे चालतं. इथे विश्व लहान आहे. सगळं दाटीवाटीनं आहे. दाट वायू भराभर उजेड फेकतो, भराभर निवतो." त्या फळ्याजवळ गेल्या, कोपऱ्यात उरलेल्या जागेत बारीक अक्षरात काहीतरी मांडलं. फार वेळ लागला नाही. खालचं उत्तर कोसळलं. त्यांच्या हिशोबानं वायू तापलेला राहतच नव्हता.

खिडकीतून मेट्रोचा आवाज येऊन गेला. मॅडम माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. बाक लहान होता, आम्ही दोघी अडकल्यासारख्या.

"सर काय म्हणाले होते सांगू? 'तुझा वायू कधी थंड होत नाही का गं?' एवढंच. मला वाटलं, माझ्या स्वभावावर बोलले. सगळे हसले ना. मला वाटलं, हे माझ्यावरच आहे."

"पण मॅडम, वायू तापलेला तर निघाला. दुर्बिणीनं दाखवलंय. तुमचं उत्तर बरोबर आहे."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला, त्यातली गत." हातातला खडू त्यांनी बाकावर ठेवला, तो घरंगळून खाली पडला, त्यांनी उचलला नाही. "एवढंसं होतं गं. पंधरा दिवसांचं काम. पंधरा दिवसांचंही नाही."

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "सर आहेत का बघायला हवं."

सर होते. मॅडमच्या बरोबर शिकणारे एक गृहस्थ, सरांचे निरोप घेऊन चारकोपला यायचे ते हेच, त्यांचा नंबर कसाबसा मिळाला. सर मुलुंडला मुलीकडे राहतात, दृष्टी गेलीय पण डोकं ठणठणीत आहे, असं ते म्हणाले. मॅडम मला बरोबर घेऊन गेल्या. रिक्षात त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

सर गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. किरकोळ, गोरे, अंगात स्वेटर. मॅडमनी नाव सांगितलं. त्यांनी मान आवाजाकडे वळवली.

"आवाज तोच आहे. भांडणारा. बस."

मॅडम बसल्या नाहीत. "सर, माझं चुकलं होतं. वायू थंड होतो."

सर हसले. "होतोच. हे सांगायला इतकी वर्षं लागली?"

"हो सर."

"बरं, मग आता पुढचं बोल. तो थंड व्हायला हवा. आणि हे लोक म्हणतात, तापलेला दिसतोय. मुलीनं वाचून दाखवलं मला. मग तापवतंय कोण?"

"दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं असावीत सर. भोवतालचं गिळताना त्यातलं बरंचसं ती जोरात बाहेर फेकतात. त्या ऊर्जेनं."

"हे विचार करून सांगतेस की वाचून?"

"वाचून, सर."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टिंगटिंग चाललं होतं. मग ते म्हणाले, "तेव्हा तू विचार करून सांगितलं असतंस. त्या दिवशी मी हेच विचारणार होतो. वायू थंड होत नाही का, हा अर्धाच प्रश्न होता माझा. मंडळी मधेच हसली आणि तू उठून गेलीस."

मॅडमनी गॅलरीचा गज धरला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सरांची मुलगी चहा घेऊन आली. सर कप चाचपडत म्हणाले, "मी माणूस पाठवला होता तुझ्याकडे. दोनतीनदा. मग कळलं, तुझं लग्न ठरलं. म्हटलं, आता मुलीच्या संसारात कशाला लुडबूड करा. म्हणून थांबवलं निरोप पाठवणं. नाही तर स्वतः आलो असतो."

मॅडमचं लग्न कधी ठरलं नव्हतं. झालंही नव्हतं. मी तोंड उघडलं. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.

"संसार नीट झाला ना?" सरांनी विचारलं.

"झाला सर," मॅडम म्हणाल्या.

खाली आल्यावर मी म्हटलं, "कुणी सांगितलं त्यांना असलं काहीतरी?"

"कोण सांगणार? निरोप घेऊन येणारानंच. मी त्याला दारातूनच हाकलायची. मुलगी हट्टी आहे, असं परत जाऊन सांगण्यापेक्षा लग्न ठरलंय सांगणं बरं वाटलं असेल बिचाऱ्याला. माझीच अब्रू राखली त्यानं."

"मग तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"आणि काय करायचं होतं त्यांनी ते ऐकून?" मॅडम चिडून म्हणाल्या. "ऐंशी ओलांडलीय. रात्रभर जागत बसले असते, स्वतः का नाही गेलो म्हणून." मग रिक्षाला हात करता करता म्हणाल्या, "ते आले असते, तर मी आले असते गं."

दुसऱ्या दिवशी त्या दोन सेक्टर चालत भावाकडे गेल्या. भावानंच मला नंतर सांगितलं. दार उघडलं तर ही उभी. म्हणाली, "जेवायला काय केलंय?" तो काय बोलणार? बायकोनं बांगड्याचं तिखलं केलं होतं, ते वाढलं. मागचं कुणी काही काढलं नाही. त्यानंतर त्या रोज संध्याकाळी तिकडे जायच्या, भावजयीच्या चुका काढायच्या, टीव्हीवरच्या बातम्यांतल्या काढायच्या. "घरात कटकट वाढली होती," भाऊ म्हणाला आणि रुमालानं डोळे पुसायला लागला. तेव्हा आम्ही स्मशानातून परत येत होतो. वर्षही नीट मिळालं नाही त्या भावंडांना. मॅडमनी साधा ताप म्हणून अंगावर काढला, हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला.

सरांना कळवायला हवं होतं. मी मुलुंडला फोन केला. मुलीनं फोन सरांच्या हातात दिला. मी सांगितलं.

"तू तीच का, जी बरोबर आली होतीस?"

"हो सर."

"मग एक कर. तिच्या यजमानांना माझा निरोप दे. म्हणावं, तुमची बायको फार हुशार होती. तिच्यासारखं डोकं माझ्याकडे पुन्हा आलं नाही. त्यांना कदाचित माहीत नसेल, घरात कुठे कळतं हे सगळं. सांगशील ना?"

"सांगते, सर," मी म्हणाले.